प्रोफेसर खरवंडीकरांस साष्टांग दंडवत

पत्राचा वरचा अर्धा कागद कोरा सोडायचा की पाऊण, यावरून त्या रविवारी सुंदररावांच्या घरची कॉफी निवून गेली. व्यंकोजीकाकांचं म्हणणं पडलं, पाऊण.

"जितकी जागा कोरी, तितका मान मोठा," काका म्हणाले. "अर्धा कागद सावकारास सोडितात. विद्वानास पाऊण."

"काका, मग लिहायचें कुठें?"

"लिहायचें थोडकें. मान द्यायचा पुष्कळ. तुमच्या कचेरींत हें शिकवीत नाहींत, त्यास मी काय करूं?"

काकांपुढे बोलायची सोय नव्हती. त्यांचे वडील तंजावरच्या राजवाड्यात चिटणीसांच्या हाताखाली होते. राज्य खालसा होऊन सत्तर वर्षं झाली, राजा गेला, राण्या गेल्या, चिटणीसही गेले. पण कोणाला कसं पत्र लिहावं याची विद्या तेवढी काकांच्या डोक्यात शिल्लक राहिली होती. आता ती कोणाला लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? घराण्यात सगळे त्यांच्याहून लहान.

सुंदरराव कुंभकोणमला रजिस्ट्रार कचेरीत नक्कलनवीस होते. दिवसभर दुसऱ्यांची खरेदीखतं, दुसऱ्यांची बक्षीसपत्रं, दुसऱ्यांची मृत्युपत्रं मोत्यासारख्या अक्षरात उतरून काढायची. वीस वर्षांत स्वतःचं म्हणून एक वाक्य लिहायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, साहेबापुढे इंग्रजी, असा तीन तुकड्यांचा संसार. त्यातला घरातला तुकडा दरसाल झिजत चालला होता. मुलगी पंकजा बापाशी मराठीत सुरू करायची आणि अर्ध्या वाक्यात तमिळवर घसरायची.

अशा माणसाला पुण्याहून एक मासिक यायचं. त्यात प्रोफेसर नीलकंठ महादेव खरवंडीकर यांची शास्त्रीय कादंबरी क्रमशः चालू होती. चार पुणेकर एका विमानात बसून शुक्र ग्रहावर निघाले होते. सुंदरराव प्रत्येक भाग तीन-तीनदा वाचायचे. वाचून झाला की बायकोला, भवानीबाईंना, सांगायचे, मग काकांना सांगायचे, मग सांगायला कोणी उरायचं नाही म्हणून पुन्हा वाचायचे. त्या विमानातली माणसं आकाशात मराठीत भांडत होती, याचंच त्यांना केवढं अप्रूप! आणि कुंभकोणमला बसून शुक्र काय नि पुणं काय, दोन्ही सारखीच लांब.

सातव्या भागात त्यांच्या नकलनविशी नजरेला एक खोट सापडली. प्रवास एकेचाळीस दिवसांचा. शिधा किती घेतला त्याची यादी दोन पानं भरून. डाळ, गूळ, लोणचं, सगळं होतं. पाणी नव्हतं. चार माणसं एकेचाळीस दिवस प्यायली काय? सुंदररावांना रात्रंदिवस तोच घोर लागला. प्रोफेसरांना विचारावं, असं मनात आलं, आणि मग मनातून जाईना.

त्यात कृष्णमूर्तींनी तेल ओतलं. कृष्णमूर्ती म्हणजे कचेरीतले हेडक्लार्क. माणूस वाईट नव्हता, जीभ वाईट होती. मासिकाची गुंडाळी सुंदररावांच्या काखेत दिसली की त्यांना कंठ फुटायचा.

"काय रायर," 'राव'चं 'रायर' करून ते तमिळमध्ये म्हणाले, "तुमचे लोक, तुमचे लोक म्हणून पुण्याचा इतका अभिमान सांगता. तुम्ही इथे आहात हे त्या पुण्याला ठाऊक तरी आहे का?"

सगळी कचेरी हसली. सुंदररावही हसले, दुसरं काय करणार? पण ते हसणं घरी येईपर्यंत कडू झालं. पुण्याहून दोन ओळी आणायच्या आणि कृष्णमूर्तींच्या टेबलावर ठेवायच्या, एवढंच मग त्यांना या जगात हवं होतं. आणि पंकजालाही दाखवायच्या: बघ, ही आपली भाषा, हिच्यात अजून कोणी आपल्याशी बोलतं.

म्हणून काकांना बोलावलं होतं. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"पहिली गोष्ट," काका म्हणाले, "थोर माणसास एकदम पत्र लिहीत नाहींत. त्यांच्या कारभाऱ्यास लिहितात. कारभारी वेळ पाहून, मर्जी पाहून, पुढें ठेवितो."

"प्रोफेसरांस कारभारी असेल काय?"

"इतका थोर माणूस, आणि कारभारी नाहीं? वेडा कीं काय तूं! दुसरी गोष्ट. प्रश्न पुसायचा नाहीं."

"पण काका, पाण्याचें पुसायचें म्हणूनच तर..."

"प्रश्न पुसला म्हणजे त्यांच्या माथां उत्तराचें ओझें घातलें. शिवाय पाणी राहिलें हें दाखविलें म्हणजे चूक काढिली. थोरांची चूक काढितात काय? आधीं लोभ जडूं द्यावा. लोभ जडला म्हणजे ते आपणच पुसतात, तुझें मनोगत काय? तेव्हां सांगावें, तेंही एकदां नाहीं म्हणून मग."

भवानीबाई आतून म्हणाल्या, "तोंवर विमानांतलीं माणसें तहानेनें मरतील कीं!" पण बायकांचं ऐकायची राजवाड्यात पद्धत नव्हती.

तर पहिलं पत्र असं गेलं. पाऊण कागद कोरा. खाली बोरूनं, मोडीत: 'श्रियासह चिरंजीव अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री प्रोफेसर खरवंडीकर स्वामींचे कारभारी यांचे सेवेसी, सेवक सुंदरराव, वास्तव्य कुंभकोणम्, साष्टांग दंडवत, विनंति उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लेखन करीत असावें. विशेष. स्वामींची कीर्ति ऐकोन चित्त संतुष्ट जाहलें. समय पाहोन, मर्जी पाहोन, सेवकाचें स्मरण द्यावें. बहुत काय लिहिणें? लोभ असों द्यावा हे विनंति.' बस्स. पाण्याचा थेंब नाही.

दीड महिना गेला. टपालवाला वैद्यनाथ रोज गल्लीतून जायचा आणि सुंदररावांकडे बघून नुसती मान हलवायचा. पुढेपुढे तर तो लांबूनच हलवायला लागला.

"उत्तर नाहीं म्हणजे काय," काका म्हणाले, "रिकाम्या हातानें गेलास! माझीच चूक जाली. देवाकडे जातांना सुद्धां नारळ नेतात."

झालं, नजराणा आला. कुंभकोणमची कोवळी पानं. तशी विड्याची पानं साऱ्या मुलखात मिळत नाहीत. शंभर प्रोफेसरांना, पंचवीस कारभाऱ्याला वेगळी, नाहीतर तो मधल्यामध्ये रुसायचा. केळीच्या सोपटात ओली बांधून, वर सुतळी घालून, मोठ्या हौसेनं पार्सल रवाना केलं. महिना चैत्राचा. चार दिवस आगगाडीच्या डब्यात त्या पानांचं काय होईल याचा विचार एकट्या पंकजानं केला, आणि तिला "गप बैस" म्हणून सांगण्यात आलं. सोबतच्या दुसऱ्या पत्रात मायना आणखी दोन ओळींनी वाढला होता, आणि पाणी अजूनही नव्हतं.

आणखी दोन महिने गेले. कृष्णमूर्ती आता रोज विचारत नव्हते. सोमवार सोमवारी विचारायचे, आणि ते जास्त लागायचं.

"इतराजी," काकांनी निदान केलं. "कांहीं तरी अपराध घडला. कोणता तें आपणांस कळत नाहीं, म्हणजे अपराध मोठा. आतां क्षमा मागावी लागेल. आणि क्षमा पानांवर मागत नाहींत."

घरात एक शेला होता. राणीसाहेबांनी सुंदररावांच्या आजोबांना दिलेला, जरीच्या काठाचा. सुंदररावांच्या लग्नात तो त्यांच्या खांद्यावर होता, आणि पंकजाच्या लग्नात जावयाच्या खांद्यावर पडायचा होता. सुंदररावांनी तो पेटीतून काढला तेव्हा भवानीबाई दारात उभ्या राहिल्या.

"ऐकलें कां? ओळख ना देख, त्या माणसास आजोबांचा शेला?"

"आपलीं माणसें आहेत तीं."

"आपलीं असतीं तर एवढ्यांत दोन ओळी नसत्या लिहिल्या? इथला टपालवाला वैद्यनाथ जास्त आपला. निदान मान तरी हलवितो."

बाई खरं बोलली. पण माणसाला एकदा नाद लागला की खरं बोलणारं माणूस शत्रू वाटतं. सुंदररावांनी शेला स्वतः घडी करून, कापूर घालून, मेणकापडात शिवला. तिसरं पत्र पूर्ण कागद कोरा सोडून दुसऱ्या कागदावर सुरू झालं. त्यात 'सेवकाचे हातून कळत नकळत अपराध घडला असेल तो पोटांत घालावा' असं होतं.

श्रावणात मासिकाचा अंक आला. मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात: 'प्रो. खरवंडीकर यांची नवी विनोदी शास्त्रीय कथा. वाचकांच्या पत्रांस उत्तर शेवटच्या पानावर.' पत्रांस उत्तर! शेवटचं पान आधी उघडायचा मोह सुंदररावांनी आवरला. अशी गोष्ट एकट्यानं चोरून वाचायची नसते. रविवारी सकाळी त्यांनी काकांना आणलं, आणि कृष्णमूर्तींनाही कॉफीला बोलावलं. कृष्णमूर्तींना मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण साक्षीदाराला दस्तऐवज वाचता यावा लागत नाही, सही करता आली की पुरतं.

सुंदररावांनी खणखणीत आवाजात कथा वाचायला घेतली. पुण्याच्या एका शास्त्रज्ञानं भूतकाळातला माणूस ओढून आणायचं यंत्र केलेलं असतं. कळ दाबतो, धूर होतो, आणि आतून दोनशे वर्षांपूर्वीचा एक कारकून बाहेर पडतो. कानावर बोरू, काखेत कागद. तो शास्त्रज्ञाला पाहतो आणि म्हणतो...

सुंदरराव थांबले. मग पुढे वाचू लागले, जरा हळू.

"'श्रियासह चिरंजीव अखंडितलक्ष्मीअलंकृत... स्वामींची कीर्ति ऐकोन चित्त संतुष्ट जाहलें.'"

"वाहवा!" व्यंकोजीकाकांनी मांडीवर थाप मारली. "पुण्यास कोणी तरी शुद्ध बोलतो म्हणायचें! पुढें वाच."

पुढे पुणेकर त्या कारकुनाला बघायला तिकीट काढून येत होते. तो ज्याच्या त्याच्या पाया पडत होता, ज्याच्या त्याच्या कारभाऱ्याची चौकशी करत होता, आणि नासकी पानं पुढे करत होता. लोक हसून हसून लोळत होते. शेवटी शास्त्रज्ञ वैतागून विचारतो, अरे बाबा, तुला हवं तरी काय? त्यावर तो हात जोडून म्हणतो, 'बहुत काय बोलणें? लोभ असों द्यावा.' आणि सगळं थिएटर खो खो हसतं. शास्त्रज्ञ कळ दाबून त्याला परत दोनशे वर्षं मागे पाठवून देतो. इति.

काकांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. "लोभ असों द्यावा," ते पुटपुटले. "केवढा मर्यादशील मनुष्य! पण ते लोक हांसतात काय म्हणून?"

"आनंदानें," सुंदरराव म्हणाले.

पंकजा बापाच्या पाठीमागे उभी राहून शेवटचं पान वाचत होती. तिथे प्रोफेसरांनी लिहिलं होतं: 'कुंभकोणम् या दूरच्या गावाचे नाव घेऊन आम्हांस जुन्या दरबारी थाटाची पत्रे धाडणारे आमचे विनोदी मित्र पुण्यातच कोठेतरी असले पाहिजेत. त्यांची नक्कल इतकी बेमालूम आहे की आम्ही तिचा वरील कथेत सढळ उपयोग केला. कुजलेली पाने पोचली. ऐतिहासिक नाटकातला शेलाही पोचला. तो आम्ही एका नाटक मंडळीस देऊन टाकला आहे. खरोखर असा मराठी मनुष्य आज कोठेही असणे शक्य नाही. तरी मित्राने आता बुरखा काढावा.'

"अप्पा," पंकजा हळूच म्हणाली, "आपण नाहीं कां?"

सुंदररावांनी तिच्याकडे बघितलं नाही. कृष्णमूर्ती कॉफीची वाटी खाली ठेवून विचारत होते, "काय रायर? आलं का उत्तर?"

"आलं," सुंदरराव तमिळमध्ये म्हणाले. "माझं पत्रच छापलंय त्यांनी. शब्दन् शब्द."

"सबाष!" कृष्णमूर्ती उठून उभे राहिले. त्यांनी मनापासून सुंदररावांचे दोन्ही हात हातात घेतले. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी कचेरीत पेढे त्यांनीच वाटले. येणारा-जाणारा प्रत्येक जण सुंदररावांना शाबासकी देऊन गेला, आणि त्यातली प्रत्येक शाबासकी त्यांना चपराकीसारखी बसली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नकला केल्या. जन्मात एकदा स्वतःचं लिहिलं, तर तेही नक्कलच ठरलं! तीही विनोदी!

त्या दुपारी सुंदररावांनी एक फुलस्केप कागद ओढला. पुण्याला काय लिहावं, कुठल्या भाषेत लिहावं, काही सुचेना. मराठीत लिहायची तर लाजच वाटली. मग हाताला जी सवय होती तिनंच हात चालला. दरसाल राजवाड्याचे पेन्शनर, काकांसारखे, आपण जिवंत असल्याचा दाखला काढायला कचेरीत यायचे. तो इंग्रजी मसुदा सुंदररावांनी हजारदा लिहिला होता. तोच त्यांनी लिहिला. वर कचेरीचं नाव, तारीख. खाली तीन ओळी: दाखला देण्यात येतो की सुंदरराव नामक मराठी इसम हयात असून कुंभकोणम येथे राहतो, आपण छापलेली पत्रे त्याच्याच हातची आहेत, कळावे. सही, एस. राव. मायना नाही, कुशल नाही, पान नाही, सुपारी नाही. कोरी जागा तर बोटभरही नाही. पाकीट चिकटवलं आणि तिकीट लावून टाकलं.

नवव्या दिवशी उत्तर आलं.

वैद्यनाथ गल्लीच्या तोंडापासून ओरडत आला. जाड लिफाफा, बरोबर पुस्तकाचं पुडकं. सुंदरराव ओसरीवर काकांसमोर बसले होते. त्यांनी पत्र उघडलं. इंग्रजीत होतं, टाइप केलेलं. पंकजा इंग्रजी शाळेत जात होती. तिनं बापाच्या हातातून ते घेतलं आणि काकांसाठी मराठीत करून सांगायला लागली, अडखळत, पण सगळं.

प्रोफेसर खरवंडीकर लिहीत होते: महाशय, आपल्यासारख्या सरकारी अधिकाऱ्यानं माझ्या क्षुल्लक लेखनाची दखल घ्यावी, हा मी माझा बहुमान समजतो. आपल्या अमूल्य वेळेचा अपव्यय झाला त्याबद्दल क्षमा असावी. सोबत माझं पुस्तक स्वाक्षरीसह आपल्या चरणी सादर आहे. माझ्या कथांविषयी आपल्याला कोणतीही शंका असल्यास परतटपाली निरसन करीन. ता. क. सदर इसम निरुपद्रवी दिसतो. त्यानं यापुढे पत्रं अगर वस्तू पाठवू नयेत, एवढं कृपा करून त्यास समजावावं. आपला अत्यंत नम्र आणि आज्ञाधारक सेवक.

"सेवक!" काका ताडकन उठून बसले. "स्वतःस सेवक म्हणवितात! पाहिलेंस सुंदर? मी काय म्हणत होतों? मान दिला म्हणजे मान येतो. तीन पत्रांत येतो, पण येतो!"

"अप्पा, कोणतीही शंका पुसा म्हणून लिहिलें आहे," पंकजा म्हणाली. "पाण्याचें पुसा कीं आतां!"

"तें त्या साहेबांस लिहिलें आहे, बाळ. पाण्याची शंका त्या दुसऱ्या इसमाची."

"मग तो साहेब कोण?" काकांनी विचारलं.

"कचेरींत आहे एक राव. इंग्रजी लिहितो."

"आणि तुजला? तुजला कांहींच नाहीं?"

"मजला निरोप आहे ना, काका."

"काय निरोप?"

"पत्रें पाठवूं नकोस म्हणून."

भवानीबाई चौकटीत येऊन उभ्या होत्या. शेल्याचं नाव त्यांनी काढलं नाही, आणि तेच सुंदररावांना सोसवेना. काकांचा हात मांडीवर आपोआप फिरत होता, न लिहिलेल्या कागदावरून फिरावा तसा. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"तरी निरोप पाठविला," ते म्हणाले. "अरे, नसलेल्या माणसास कोणी निरोप पाठवितो काय? पुण्यास तुझी ओळख जाली, सुंदर! आतां उगें राहूं नये. निरोप पोंचल्याचें एक पत्र गेलें पाहिजे. पंकजा, कागद आण."